पिवळ्या पेटीचा आकडा

सकाळी चहा उतरला की मोतीलाल लांजेवार चष्मा लावायचा, मोबाइल डोळ्यांपासून हातभर लांब धरायचा आणि मोठ्यानं ओरडायचा, "मायनस चौदा!"

आतून कमलाबाई ओरडायची, "मायनस चौदा!"

घर दोन खोल्यांचं. कुजबुजलं तरी ऐकू गेलं असतं. पण मोतीलालचं आयुष्य बालाघाटात, वारासिवनी रोडवरच्या एका उसना म्हणजे उकड्या तांदळाच्या मिलमध्ये बॉयलरवर गेलं होतं, आणि तिथली रीत अशी, की बॉयलरपाशी उभ्या माणसानं काट्यावरचा आकडा ओरडायचा आणि पलीकडे धान उकडणाऱ्या हौदापाशी उभ्या माणसानं तोच आकडा परत ओरडायचा. यंत्रांच्या गोंगाटात एकाचं दुसऱ्याला नीट पोचलं की नाही, ते असंच कळायचं. कधी वाफेनं काच धुरकटली आणि काटा दिसेनासा झाला, तरी मुकं राहायचं नाही. शेवटचा दिसलेला आकडा ओरडत राहायचा. बॉयलरपाशी माणूस आहे, तो उठून गेलेला नाही, एवढं तरी पलीकडच्याला समजलं पाहिजे.

आता मिल सुटली होती, पण आकडा सुटला नव्हता. हा आकडा उत्तर ध्रुवाजवळच्या समुद्रावरून यायचा. तिथं बर्फाच्या एका तुकड्यावर पिवळी पेटी बसवलेली होती, आणि ती मोतीलालच्या मुलानं, रजतनं, स्वतःच्या हातानं बसवली होती.

रजत समुद्रावरच्या बर्फाचा अभ्यास करायचा. हिवाळ्यात तो किती जाड होतो, उन्हाळ्यात किती उरतो, आणि दर वर्षी आधीपेक्षा कमी का उरतो, हे त्याचं काम. गेल्या वर्षी एका परदेशी जहाजावर तो तिकडे गेला. बर्फाला भोक पाडून त्यानं एक लांब दोरी आत सोडली. दोरीला जागोजागी तापमापक, आणि वरती पेटी. पेटी आपलं ठिकाण आणि बर्फाच्या पोटातलं तापमान उपग्रहाला कळवायची. दिवाळीच्या थोडं आधी, काम आटोपून जहाजाकडे परतताना, त्याच्या पायाखालचा बर्फ दुभंगला. सोबतचे लोक पळत आले तेव्हा तिथं काळं पाणी होतं आणि त्यावर पापुद्रा धरायलाही लागला होता. खूप शोधलं. तो सापडला नाही.

त्याचं सामान घेऊन श्रुतिका आली. ती रजतच्याच कचेरीत काम करणारी, पुण्याकडची मुलगी. दोन दिवस राहिली. जाताना तिला काय वाटलं कोण जाणे, तिनं मोतीलालच्या मोबाइलवर एक नकाशा लावून दिला. पांढऱ्या नकाशावर एक लाल ठिपका, ठिपक्याखाली आकडा.

"रजतची पेटी अजून चालू आहे, काका," ती म्हणाली. "वाटलं तर बघत जा."

तिनं हे मायेनंच केलं होतं. तिला दोष देता येत नाही.

हिवाळाभर ठिपका सरकत राहिला. समुद्राच्या प्रवाहाबरोबर बर्फ वाहतो, त्यावरची पेटी वाहते. कमलाबाई रोज विचारायची, "कुठी आला?" मोतीलाल बोट ठेवून दाखवायचा. ध्रुव नकाशाच्या वरच्या टोकाला होता आणि ठिपका खाली खाली येत होता.

"खाली येऊन राह्यला," कमलाबाई एक दिवस म्हणाली. "आपल्याकडं."

"अवं, तो बर्फ आहे. वाऱ्यानं वाहते."

"मले सांगता? मी काय पागल आहो? पोरगा गेला, हे मले मालूम नाही का?" ती शांतपणे म्हणाली. "पण तो गेला कुठून? त्याच बर्फावरून ना? त्याचा हात शेवटचा कशाले लागला? त्या पेटीले. जीव तिथंच अटकला आहे त्याचा."

मोतीलालनं चष्मा काढून मोबाइलवर ठेवला.

त्याचा मोठा भाऊ चैतराम शेतीवाला माणूस, वारासिवनीहून मोटरसायकलवर यायचा. आला की पाणीसुद्धा न पिता विषय काढायचा. प्रेत मिळालं नाही तर पळसाच्या पानांचा पुतळा करतात. माणसाएवढा, डोक्याच्या जागी नारळ. त्याला अग्नी द्यायचा, राख वैनगंगेत सोडायची. घरात हे झालेलं नव्हतं. सुतक म्हणावं तर फिटलं नव्हतं, आणि नाही म्हणावं तर होतं.

"मोती, वर्ष व्हायच्या आत उरकून टाक बावा. पोरगं भटकून राह्यलं आपलं."

"मले काय विचारता दादा? तिले विचारा."

कमलाबाईनं डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि दारातूनच उत्तर दिलं, "मोठे भाऊजी, ओलं लाकूड पेटते का? तो तं गोठून आहे. गोठलेल्या माणसाले कसा अग्नी देता? होऊ द्या गरम. शून्यावर आला का मी सोता जाऊन पळसाचे पानं तोडून आणीन."

"शून्यावर म्हणजे?"

"शून्यावर बर्फाचं पाणी होते. पुस्तकात आहे. रजतच मोठ्यानं वाचे लहानपणी."

चैतरामनं भावाकडे पाहिलं. मोतीलाल चहाच्या कपात बघत होता.

तर आकडा असा चढत होता. थंडीत उणे पंचवीसच्या आसपास होता. होळी झाली आणि उणे अठरा, उणे चौदा असं करत वर यायला लागला. कमलाबाईच्या तोंडावर टवटवी दिसू लागली. ताप उतरत चाललेल्या लेकराच्या उशाशी बसलेल्या बाईसारखी ती रोज आकड्याची वाट बघायची, फक्त इथं तिला ताप चढायला हवा होता.

मे महिन्यात आकडा उणे आठवर थोडा रेंगाळला. त्या दिवशी दुपारी मोतीलाल बाजारातून आला तर घरात धुराचा वास. रजतच्या खोलीत, त्याच्या रिकाम्या पलंगाच्या पायथ्याशी, कमलाबाईनं कोळशाची शेगडी पेटवून ठेवली होती. बाहेर बालाघाट तव्यासारखं तापलेलं. कुत्री नालीत बसलेली. आणि आत ही शेगडी.

"हे काय वो?"

"शेक देऊन राह्यली त्याले."

शेजारच्या जिजाबाईला धूर गेलाच. ती कुंपणावरून ओरडली, "कमलाबाई, बाई वो, या उन्हात शेगडी! पापड भाजता का नवऱ्याले?"

"दोघंबी भाजतो, येतं का खायले?" कमलाबाई म्हणाली. जिजाबाई हसली, आणि मग हसू अर्धवट सोडून घरात गेली, कारण कमलाबाई हसत नव्हती.

दुसऱ्या दिवशी आकडा होता मायनस सात. त्याच्या पुढच्या दिवशी सहा.

"पाह्यलं?" कमलाबाई म्हणाली.

उन्हाळा तिकडेही आला आहे, सूर्य आता तिथं मावळतच नाही, म्हणून आकडा चढतो आहे, हे मोतीलालला पुरतं माहीत होतं. माहीत असून उपयोग होत नव्हता. शेगडी पेटली की आकडा चढायचा. एक दिवस कोळसा संपला होता, शेगडी लागली नाही, तर आकडा जागचा हलला नाही. मोतीलाल घाबरला. त्याला रजतचं एक बोलणं आठवायला लागलं. कधीतरी सुट्टीत आला असताना तो मिलच्या फाटकाशी उभा राहून धुराड्याकडे बघत म्हणाला होता, "बाबा, तुमच्या भुश्याची काजळी कुठपर्यंत जाते, मालूम आहे? आमच्या बर्फावर इकडचीच काजळी सापडते. काळा पडला का बर्फ जल्दी वितळते." आणि वर हसला होता. "एखादा कण तुमच्या बॉयलरचाबी असंल."

तेव्हा मोतीलालही हसला होता. बापाचा धूर पोराच्या मागं मागं गेला, असं काहीतरी म्हणाला होता. आता मात्र ते हसणं त्याला टोचायचं. आयुष्यभर भुसा जाळला, तो धूर वर गेला, उत्तरेकडे गेला, कुठल्यातरी पांढऱ्या बर्फावर बसला, आणि तो बर्फ पातळ होत होत नेमका... पुढचं तो मनातल्या मनातही पुरं करत नसे. एका धुराड्यानं असं होत नाही. श्रुतिकानं विचारल्यावर तसंच सांगितलं असतं. पण विचारायला तोंड कसं उघडायचं?

आणि ती खोली. शेगडी असूनही खोलीच्या उंबऱ्यावर पाय ठेवला की पोटऱ्यांना गार लागायचं. आधी त्याला वाटलं, फरशीचा गारवा. पण बाकीच्या घराची फरशी चटके देत होती. पलंगामागच्या भिंतीवर हात ठेवला तर भिंत ओलसर. मे महिन्यात, विहिरी आटल्या असताना. त्यानं हात धोतराला पुसला आणि कमलाबाईला काही सांगितलं नाही. तिनंही विचारलं नाही. पण त्या भिंतीकडे पाठ करून ती कधी बसत नसे, हे त्याच्या लक्षात आलं.

महिन्याच्या शेवटी आकडा उणे दोनवर आला आणि अडला.

"मायनस दोन!"

"मायनस दोन."

रोज तेच. कमलाबाईनं शेगडीत कोळसा वाढवला. मग दुसरी शेगडी आणली. "दोनच तं राह्यले," ती म्हणायची, "दोनासाठी अडला माझा पोरगा." तिच्या ओठांची सालं निघाली होती, हातांना घामोळं आलं होतं, आणि ती खोलीतून उठत नव्हती.

मोतीलालनं गच्चीवर जाऊन श्रुतिकाला फोन लावला.

"काका, मीच करणार होते तुम्हाला फोन," ती म्हणाली. "आता फार दिवस नाही चालणार ती पेटी. बर्फ वितळतोय."

"पण मायनस दोनवर आहे ना बेटा. शून्य कुठं झालं?"

"समुद्राचा बर्फ आहे ना. खारट. तो शून्याची वाट बघत नाही, उणे दोनच्या जवळपासच सुटायला लागतो. आणि सुटत असताना आकडा फारसा हलत नाही. सगळी ऊब बर्फ वितळण्यातच जाते."

"उकळतं पाणी शंभरावर अडून राहते तसं," मोतीलाल म्हणाला.

"तसंच अगदी."

मग त्यानं विचारलं, आणि विचारताना त्याला स्वतःचीच लाज वाटली, "त्याले थंड ठेवता येईल का काही करून?"

"नाही काका," ती म्हणाली. "पण त्यानं फार चांगलं काम केलं. इतक्या पातळ बर्फातून सबंध हिवाळा त्या पेटीनं सांगितलं आहे आम्हाला. आमचं पुढचं काम त्यावरच चाललंय."

तो खाली आला. कमलाबाई दोन शेगड्यांच्या मध्ये बसली होती.

"काय म्हणे पोरगी?"

सांगायची वेळ हीच होती. तिची अट पुरी होत आली आहे, पोराचा बर्फ सुटायला लागला आहे, एवढं सांगितलं की झालं असतं. पण सांगितलं की चैतराम येणार, पानं येणार, नारळ येणार, आणि मग उद्या सकाळी चहा उतरल्यावर ओरडायला काही उरणार नाही. कमलाबाई पोराला सोडायला तयार होती, फक्त आकड्यासाठी थांबली होती. मोतीलालनं त्या वेळेपर्यंत स्वतःला विचारलंच नव्हतं, की आपण कशासाठी थांबलो आहोत.

"सहजच," तो म्हणाला. "बरे आहा का विचारे."

मग एका गुरुवारी रात्री, कमलाबाई झोपल्यावर, आकडा आला मायनस एक, आणि शुक्रवारी सकाळी ठिपका नव्हता.

त्यानं मोबाइल बंद करून पुन्हा चालू केला. पांढरा नकाशा उघडला, गोल फिरलं, थांबलं. जिथं काल ठिपका होता तिथं समुद्राचा निळा रंग होता. आतून कपबशीचा आवाज येत होता. मग तोही थांबला. ती वाट बघत होती.

"मायनस एक!" मोतीलाल ओरडला.

"मायनस एक!" ती आतून ओरडली. "चढला वो! एक चढला!"

काच धुरकटली तर शेवटचा आकडा ओरडायचा. बॉयलरपाशी माणूस आहे, एवढं कळलं पाहिजे. शनिवारी तो ओरडला. रविवारी ओरडला. सोमवारी ओरडताना त्याला असं वाटलं, की कमलाबाईच्या आवाजापाठोपाठ रजतच्या खोलीतून आणखी कोणीतरी तोच आकडा परत म्हटला. हळू, दात वाजत असलेल्या माणसासारखा. त्यानं वळून पाहिलं नाही. त्यानंतर तो रोज आकडा सांगून कान देऊन बसायचा. कधी यायचा आवाज, कधी नाही. आला की अंग शहारायचं, आणि नाही आला की त्याहून वाईट वाटायचं.

बुधवारी दुपारी खोलीतून काही पडल्याचा आवाज आला. कमलाबाई शेगडीजवळ कोसळली होती. पदराचं टोक निखाऱ्याला लागून जळत होतं. त्यानं ते हातानंच विझवलं, तिला ओढून पडवीत आणलं, डोक्यावर पाणी मारलं. जिजाबाई कांदा फोडून घेऊन धावत आली. "आता हिलेबी घालवता का लांजेवारजी?" ती तोंडावर बोलली.

कमलाबाईनं डोळे उघडले. पहिला शब्द तोच.

"किती?"

"शून्य," मोतीलाल म्हणाला. "आत्ताच पाह्यलं. शून्य झालं."

तिनं डोळे मिटून घेतले. चेहऱ्यावरची सगळी ताठरता सुटली. "विझवा मंग शेगड्या," ती म्हणाली. "भाऊजीले फोन लावा."

शुक्रवारी सकाळी वैनगंगेच्या काठावर सगळे जमले. कमलाबाईनं म्हटल्याप्रमाणे पानं स्वतः तोडली होती, जिजाबाई सोबत गेली होती. चैतरामनं आणि क्रियाकर्म करायला आलेल्या महाराजांनी मिळून पुतळा बांधला. हिरव्या पानांचे हात, पानांचे पाय, आणि नारळाचं डोकं पांढऱ्या फडक्यात. उंची चैतरामनं अंदाजानं धरली होती; कमलाबाईनं पाहिलं आणि म्हणाली, "पाय जरा लांब करा. उंच होता तो." पुन्हा सोडून पाय लांब केले.

महाराजांनी मोतीलालच्या हातात पाणी दिलं. संकल्पाला सुरुवात केली, आणि थांबले. "तिथी बताओ. किस दिन गया लडका?"

"ऑक्टोबरमंदी," चैतराम म्हणाला. "कागदावर तारीख आहे. सांगू का?"

"नाही," कमलाबाई मध्येच बोलली. "परवा. बुधवारी सुटला तो. बुधवारची तिथी धरा महाराज."

महाराज चैतरामकडे बघू लागले, चैतराम भावाकडे. मोतीलालच्या ओंजळीतलं पाणी बोटांमधून गळत होतं. चुकीच्या तिथीवर दिलेलं पाणी पोचत नाही, हे त्याच्या आईनं त्याला शिकवलं होतं. दर वर्षी त्या तिथीला घास ठेवायचा, आणि दर वर्षी तो पोराला मिळायचा नाही.

"बुधवार नाही," तो म्हणाला.

"मंग?" चैतरामनं विचारलं.

"मागच्या हप्त्यातला गुरुवार. त्याच्या दुसऱ्या दिवसापासून पेटी बंद आहे. मी तसाच ओरडत होतो."

कमलाबाई त्याच्याकडे वळली.

"अन् शून्य?"

"शून्य झालंच नाही. मायनस एकवर गेली. खाऱ्या पाण्याचा बर्फ शून्याच्या आधीच सुटते. पोरीनं सांगतलं होतं मले."

"केव्हा?"

"दोनवर होता तेव्हा."

"म्हणजे तो सुटून राह्यलता," कमलाबाई म्हणाली, "अन् मी तिथं बसून त्याले भाजत होती. अडला, अडला म्हणत होती. काहून जी? काहून केलं असं?"

चैतराम पुढे झाला, "बहू, जाऊ दे आता," असं काहीतरी म्हणू लागला. तिनं हातानं त्याला थांबवलं.

"महाराज," ती म्हणाली, "गुरुवारची तिथी धरा." आणि नवऱ्याकडे न बघता, "लावा."

त्यानं अग्नी लावला. चैतरामनं त्याचं मनगट धरून ठेवलं होतं. पानं ताजी होती. आधी नुसती काळवंडली, मग तूप ओतल्यावर एकदम पेटली. नारळ फुटला तेव्हा जिजाबाई रडली. कमलाबाई रडली नाही.

राख थोडीशीच झाली. ती मडक्यात भरून कमलाबाई पाण्यात उतरली. नदी उन्हाळ्यानं आटलेली, गुडघ्याच्या खालीच पाणी. तिनं मडकं कलतं केलं, राख पसरली, प्रवाहाला लागली आणि निघाली. ती वाकून पाण्यात हात घालून तशीच उभी राहिली.

"या," ती म्हणाली. तिथीचं बोलणं झाल्यापासून तिनं त्याला पहिल्यांदाच नीट हाक मारली होती. "पाह्यलं का पाणी? कोमट आहे कसं."

मोतीलाल धोतर खोचून उतरला. पाऊल पाण्यात गेलं आणि कळ मस्तकापर्यंत गेली. पाणी इतकं गार होतं, की घोट्यांच्या खाली आपल्याला पाय आहेत की नाहीत, हे त्याला कळेना. दातावर दात आपटू लागले. त्यानं जबडा घट्ट दाबून धरला. वर ऊन लखलखत होतं. शेजारी कमलाबाई त्याच पाण्यानं तोंड धूत होती.

"कोमट आहे ना?" तिनं विचारलं.

"हौ," मोतीलाल म्हणाला. "कोमट आहे."